दर सोमवारी "सर्व्हर उघडंना झालाय": छोट्या ऑफिसातल्या लॅनचं (आतल्या नेटवर्कचं) परत परत येणारं दुखणं

सांगलीच्या मार्केट यार्डातली एक अडत पेढी आहे, हळद आणि बेदाण्याचं काम. पाच कॉम्प्युटर, एक आठ पोर्टचा स्विच, ब्रॉडबँडवाल्यानं बसवलेला फायबरचा राऊटर, पट्ट्या काढायला एक डॉट मॅट्रिक्स आणि बाकी कागदपत्रांना एक लेझर प्रिंटर. डोमेन नाही, खरा सर्व्हर नाही, सगळं वर्कग्रुपवर, म्हणजे सगळे पीसी बरोबरीचे, वरचा कुणी नाही. दिवाणजींच्या टेबलाखालचा पीसी आहे त्याच्यावर हिशोबाच्या डेटाचं फोल्डर शेअर केलेलं, म्हणून त्याला सगळे "सर्व्हर" म्हणतात, त्याला मात्र हे माहीत नसावं कारण दिवाणजी त्याच्यावर दुपारी पत्ते खेळतात.

आणि दर सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन. "दादा, सर्व्हर उघडंना झालाय."

सोमवारीच. मंगळवार ते शनिवार सगळं गुण्यागोविंदानं चालायचं. माझ्याआधी जो मुलगा यायचा तो दर वेळी येऊन काहीतरी करून चालू करून द्यायचा, त्याचे पुरावे डेस्कटॉपवर होते: "डेटा", "डेटा नवीन", "डेटा नवीन २" आणि "हाच वापरा" असे चार शॉर्टकट, आणि त्यातला "हाच वापरा" पण चालत नव्हता.

पहिल्या सोमवारी मीही तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे सगळं बंद करून परत चालू. नाही चाललं. मग सर्व्हरवर जाऊन त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बघितला, नवीन शॉर्टकट करून दिला (पाचवा), चहा घेतला, निघालो. पुढच्या सोमवारी परत फोन. तेव्हा मात्र लाज वाटली आणि नीट बसलो.

आता गंमत बघा. दुसऱ्या टेबलवरच्या पीसीवरून माझ्याच शॉर्टकटमधल्या पत्त्याला, १९२.१६८.१.५ ला, पिंग मारलं ("आहेस का" अशी हाक) तर उत्तर येतंय. चार पाठवले चार आले. म्हणजे वायर ठीक, स्विच ठीक, सर्व्हर चालू. पण फोल्डर उघडायला गेलं की तोच जुना एरर, ०एक्स८००७००३५, नेटवर्क पाथ सापडला नाही. इथं बहुतेक लोक फायरवॉल बंद करतात, परवानग्यांमध्ये "एव्हरीवन"ला फुल कंट्रोल देतात, अँटिव्हायरस काढून टाकतात, आणि मीही त्याच वाटेला लागलो होतो पण पिंगच्या उत्तरातल्या शेवटच्या आकड्याकडं लक्ष गेलं. टीटीएल ६४. (टीटीएल म्हणजे निरोपाचं उरलेलं आयुष्य, मधल्या दर राऊटरला एकानं कमी होणारं.)

विंडोज स्वतःहून पिंगला उत्तर देतं तेव्हा टीटीएल १२८ पासून सुरू होतो, आणि एकाच लॅनमध्ये मधे कुठला राऊटर नसतो म्हणून समोर १२८ च दिसायला पाहिजे. ६४ म्हणजे समोरचं यंत्र लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन असलं काहीतरी आहे. पेढीत लिनक्स कोण लावणार. एआरपी मायनस ए ही कमांड मारून त्या पत्त्याचा मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बघितला, सर्व्हरवर जाऊन आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारून त्याचा मॅक बघितला, दोन्ही वेगळे. वायफाय बंद करायला सांगून एकेकाचा फोन तपासला तर १.५ हा पत्ता हमालांचा हिशोब ठेवणाऱ्या पोराच्या मोबाईलला मिळालेला. सर्व्हर बिचारा १.११ वर बसलेला. पाच जण सकाळपासून त्या पोराच्या खिशातल्या मोबाईलमध्ये हिशोबाचं फोल्डर शोधत होते.

म्हणून पहिली गोष्ट, पिंग चालतंय याचा अर्थ "त्या पत्त्यावर कुणीतरी आहे" एवढाच. तुमचाच माणूस आहे का हे वेगळं. आणि उलटंही खरं, विंडोजची फायरवॉल पब्लिक नेटवर्कवर पिंगला उत्तरच देत नाही, त्यामुळं पिंग नाही आलं म्हणून पीसी मेला असंही नाही. नीट तपासायचं असेल तर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन, पुढं सर्व्हरचं नाव किंवा आयपी, पुढं मायनस पोर्ट ४४५. फाईल शेअरिंग ४४५ नंबरच्या टीसीपी पोर्टवर चालतं, तो पोर्ट उघडा असेल तर शेवटच्या ओळीत ट्रू येतं, नसेल तर फॉल्स. एका ओळीत निम्मं निदान होतं. ट्रू आलं तर भानगड नाव-पासवर्ड-परवानगीची, फॉल्स आलं तर पत्ता, वायर किंवा फायरवॉलची. मी आता कुठंही गेलो की आधी हेच करतो, आयकॉनला हात नंतर.

बरं, पण सोमवारीच का? हे शोधायला शनिवारी संध्याकाळी तिथं जाऊन बसावं लागलं. रोज संध्याकाळी नुसते कॉम्प्युटर बंद होतात, राऊटर चालूच असतो. शनिवारी मात्र शेठ जाताना मेन स्विच पाडतात, रविवारी कोण नसतं, शॉर्ट सर्किटची भीती, बरोबरच आहे त्यांचं. आता राऊटर जे पत्ते वाटतो (डीएचसीपी म्हणतात ते) त्याची वही हा राऊटर फक्त मेमरीत ठेवत होता, वीज गेली की वही कोरी. सोमवारी मेन स्विच वर केला की कॉम्प्युटर आणि राऊटर एकदमच सुरू. फायबरच्या राऊटरला जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, पीसीला एसएसडी असल्यामुळं पाऊण मिनिट. पीसी विचारतो, मला पत्ता द्या, कुणी उत्तर देत नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो आणि परत विचारायला काही मिनिटं लावतो. तेवढ्यात राऊटर उठतो, वायफाय सुरू होतं, आणि सगळ्यांच्या खिशातले मोबाईल भराभर जोडले जातात आणि कोऱ्या वहीतले पहिले पत्ते घेऊन मोकळे होतात. सर्व्हरला उरलेलं. इतर दिवशी वही शाबूत असते म्हणून ज्याचा त्याला पत्ता मिळतो.

तुमच्याकडं शनिवार नसेल, एमएसईबीचा मेन्टेनन्सचा दिवस असेल, किंवा इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आहेत पण राऊटर नाही असं असेल. कधी बिघडतं तो वार आणि ती वेळ लिहून काढा हो, एरर मेसेजपेक्षा त्यातून जास्त कळतं.

उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. एक म्हणजे राऊटरच्या लॅन किंवा डीएचसीपीच्या पानावर जाऊन सर्व्हरच्या मॅकला एक पत्ता कायमचा बांधून द्यायचा, कुठल्या राऊटरवर त्याला अॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात कुठं स्टॅटिक बाइंडिंग. ब्रॉडबँडवाल्यांचे राऊटर पुष्कळदा अॅडमिन पासवर्ड देत नाहीत, मग पीसीवरच हातानं आयपी टाकावा लागतो, पण तेव्हा राऊटर ज्या रांगेतले पत्ते वाटतो त्याच्या बाहेरचा टाकायचा. रांग १०० ते २०० असेल तर सर्व्हरला १० द्या. रांगेतलाच टाकला तर एखाद्या दिवशी सर्व्हर बंद असताना तोच पत्ता कुणाच्या तरी फोनला जाणार आणि दोघांची मारामारी, हे आणखी वाईट कारण ते अर्धवट चालतं. सर्व्हर वायफायवर असेल (नसावा, वायर ओढा) तर वायफायच्या सेटिंगमधलं रँडम हार्डवेअर अॅड्रेस बंद आहे ना तेवढं बघा, नाहीतर मॅकच बदलत राहतो आणि बांधलेला पत्ता हवेत.

दुसरा उपाय म्हणजे शॉर्टकटमध्ये आयपी लिहायचाच नाही, नाव लिहायचं. दोन उलटे स्लॅश, पीसीचं नाव, उलटा स्लॅश, फोल्डरचं नाव. \\पेढी१\डेटा असं, अर्थात इंग्रजी अक्षरांत, मधे स्पेस नको आणि पंधरा अक्षरांच्या आत, कारण जुनी नेटबायॉसची पद्धत पंधरानंतरचं कापून टाकते. विंडोज नवीन टाकल्यावर ते जे "डेस्कटॉप" आणि पुढं सात अक्षरांची खिचडी असलं नाव देतं ते आधी बदला. पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं आणि बाकीचे पीसी नावावरून पत्ता दर वेळी नव्यानं विचारून घेतात.

मग आधीच्या मुलानं नाव सोडून आयपी का टाकला होता? तो काही येडा नव्हता. पेढीतले पीसी विंडोज सेव्हनचे टेनवर गेले तेव्हा एक्स्प्लोररमध्ये डावीकडं "नेटवर्क" वर क्लिक केल्यावर जे सगळे कॉम्प्युटर दिसायचे ते दिसायचे बंद झाले. त्याला वाटलं नाव चालत नाही. खरं म्हणजे नाव चालतच होतं, यादी दिसत नव्हती. आणि इथंच सगळ्या वर्कग्रुपवाल्यांचा गोंधळ आहे, "दिसत नाही" आणि "उघडत नाही" ही दोन वेगळी दुखणी आहेत. दिसत नसलेला पीसी नाव टाईप केल्यावर खटकन उघडतो, आणि यादीत छान दिसणारा पीसी क्लिक केल्यावर तोंड फिरवतो, दोन्ही रोजचं आहे.

ती यादी पूर्वी कशी बनायची ते जुन्या लोकांना आठवत असेल. विंडोज फॉर वर्कग्रुप्स १९९२ साली आलं तेव्हापासूनची पद्धत, लॅनवरचे पीसी आपसात निवडणूक घेऊन एकाला मास्टर ब्राउझर करायचे आणि तो सगळ्यांची यादी ठेवायचा. तो मास्टरच कुणी बंद केला की परत निवडणूक. मेलेला पीसी यादीत पाऊण तास दिसत राहायचा आणि नवीन चालू केलेला दिसायलाच वेळ लागायचा, पंच्याण्णव-अठ्ठ्याण्णव वाल्या विंडोजच्या काळात नेटवर्क नेबरहूड उघडून वाट बघत बसणं हा निम्मा धंदा होता. हे सगळं एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाईल शेअरिंगच्या भाषेच्या, पहिल्या आवृत्तीवर टेकलेलं होतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय ह्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर जो धुमाकूळ घातला तो ह्याच एसएमबी एकमधल्या भोकातून, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज टेनच्या १७०९ आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉलमध्ये ते येणं बंद झालं. यादी गेली ती अशी.

आता व्हिडिओ बघाल तर दहातले आठ सांगणार, विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी एकचा चौकोन टिक करा. करू नका. एक तर ते भोक आहेच. आणि दुसरं, ते टिकतही नाही, कारण त्याच्याबरोबर ऑटोमॅटिक रिमूव्हल नावाचा एक चौकोन येतो, पीसी चालू असताना एकूण पंधरा दिवस एसएमबी एक वापरलं गेलं नाही की विंडोज ते स्वतःच काढून टाकतं. लोक म्हणतात "महिन्यात परत तेच झालं", होणारच.

यादीच पाहिजे असेल तर सरळ मार्ग असा. सर्व्हिसेस उघडा, फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन ह्या दोन सर्व्हिस शोधा. दुसरी जी आहे ती पीसी "मी इथं आहे" अशी आरोळी मारायला लागते, तिला ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करा, प्रत्येक पीसीवर. ही आरोळी यूडीपी ३७०२ पोर्टवर जाते, एसएमबी एकशी तिचा काही संबंध नाही. तरी माझं मत विचाराल तर यादीच्या मागं लागू नका. नावानं ड्राइव्ह मॅप करा, दिवाणजींना झेड ड्राइव्ह कळतो, नेटवर्कची खिडकी कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

वर्कग्रुपचं नाव सगळीकडं एकच पाहिजे असंही एक आहे. यादीत एका घोळक्यात दिसायला ते लागायचं, फोल्डर उघडायला लागत नाही. एक्सपी होम एडिशनचं मूळ नाव एमएसहोम असायचं आणि प्रोफेशनलचं वर्कग्रुप, तेव्हापासून हा समज चिकटलाय. बदलून रिस्टार्ट केल्यावर चाललं तर ते रिस्टार्टमुळं.

ह्या सगळ्यानंतर पेढीत दोन महिने शांतता होती. मग ब्रॉडबँडवाल्यानं राऊटर बदलला आणि परत फोन. ह्या वेळी सोमवार नव्हता त्यामुळं मी सावध. ४४५ ची टेस्ट फॉल्स. नवा राऊटर म्हणजे विंडोजच्या दृष्टीनं नवं गाव, ते नेटवर्क त्यानं पब्लिक धरलं आणि दारं लावून घेतली. विंडोज नेटवर्क ओळखतं ते मुख्यतः राऊटरवरून, वायफायचं नाव-पासवर्ड तेच ठेवलं तरी वायरवरच्या पीसीला आतला डबा बदललेला कळतो. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथं प्रायव्हेट. सर्व्हरवर तर करायचंच, बाकीच्यांवर पण करा. बाहेरच्या कंपनीचा अँटिव्हायरस त्याच्या स्वतःच्या फायरवॉलसकट असेल तर त्यातही घरचं नेटवर्क म्हणून वेगळं सांगावं लागतं, विंडोजमध्ये प्रायव्हेट केलेलं तो ऐकेलच असं नाही. आणि म्हणूनच सांगतो, फायरवॉल पूर्ण बंद करून "चालतंय बघा" म्हणू नका. पुढच्या वेळी बंद फायरवॉलसकट दुसरंच काहीतरी बिघडतं तेव्हा कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

आता ४४५ ट्रू येतंय पण यूजरनेम पासवर्ड मागतंय आणि काहीही टाकलं तरी चुकीचं म्हणतंय, ह्याबद्दल. वर्कग्रुपमध्ये प्रत्येक पीसीची स्वतःची माणसांची वही असते, मध्यवर्ती असं काही नाही. तुम्ही ज्या पीसीच्या दारात उभे आहात त्या पीसीवर असलेलं नाव आणि त्याच पीसीवरचा पासवर्ड पाहिजे. तुमच्या स्वतःच्या पीसीचा नाही. आणि पिन तर अजिबात नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल, पिन फक्त त्या यंत्रासमोर बसून चालतो, नेटवर्कवरून नाही. लोक मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं विंडोज सेट करतात, वर्षभर चार आकड्यांचा पिन मारतात, खरा पासवर्ड केव्हाच विसरलेले असतात आणि मग नेटवर्क पासवर्ड मागतं तेव्हा पिन टाकून टाकून वैतागतात. दुसरा प्रकार म्हणजे पासवर्डच ठेवलेला नसतो. रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, मूळ सेटिंगच तसं आहे, त्यामुळं "पासवर्ड नाहीचे तर टाकू काय" ह्याला उत्तर नाही.

मी काय करतो, सर्व्हरवर एक साधं लोकल खातं बनवतो, अॅडमिन नाही, नाव "पेढी" असलं काहीतरी, नीट पासवर्ड, आणि तो एक्स्पायर होणार नाही असं करतो. फोल्डरच्या शेअरिंगमध्ये त्याला चेंज आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये मॉडिफाय. दोन्ही ठिकाणी, कारण दोन कुलपं आहेत आणि दोन्हीतलं जे कडक ते लागू होतं, एकीकडं फुल कंट्रोल देऊन दुसरीकडं विसरलं की "उघडतं पण सेव्ह होत नाही" ही तक्रार येते. मग बाकीच्या पीसीवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन त्या सर्व्हरच्या नावानं आधी साठवलेलं जे जे जुनं असेल ते काढायचं आणि नवीन टाकायचं, यूजरच्या जागी सर्व्हरचं नाव, उलटा स्लॅश, पेढी. जुनं काढल्याशिवाय नवीन टाकायला गेलात तर एरर १२१९ येईल, एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन नावांनी जाता येत नाही असं म्हणणारा. तेव्हा नेट यूज स्टार स्लॅश डिलीट मारून सगळे जुने धागे तोडायचे आणि परत.

"पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा म्हणजे कटकटच नको" हा सल्ला बरीच वर्षं चालला, पाहुणा म्हणून कुणीही आत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अकराची २४एच२ आवृत्ती आली त्यात प्रो एडिशनमध्येसुद्धा पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या दारात जाणं बंद केलंय, आणि एसएमबी सायनिंग (प्रत्येक निरोपावर सही) सक्तीचं केलंय. त्यामुळं जुन्या राऊटरच्या यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क, जुना नॅसचा डबा (नेटवर्कला लावायची डिस्क), हे अचानक उघडेनासे होतात. आणि एरर काय देतो, तर तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण अनोळखी पाहुण्याला मनाई करतं. माझ्या मावसभावाच्या घरी हा आला तेव्हा मावशी विचारत होती की आपली कसली संस्था. डब्यावर नाव-पासवर्डचं खातं बनवून घ्या आणि त्याचं फर्मवेअर अपडेट असेल तर करा. ते सेटिंग रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतून) उलटवता येतं, पण मी करत नाही, डबाच एवढा जुना असेल तर त्यातल्या डिस्कचं वय काय ते आधी बघा.

मावसभावाचाच विषय निघाला म्हणून घरचं सांगतो. पुण्यात दोन मजली घर, खाली कंपनीचा राऊटर, वर रेंज येत नाही म्हणून बाजारातून दुसरा आणून खालून वायर ओढून वर लावलेला. इंटरनेट दोन्हीकडं झकास. पण वरच्या लॅपटॉपवरून खालच्या पीसीतले फोटो कधी उघडतात कधी नाही, आणि खालून वरचं तर कधीच नाही. "कधी" म्हणजे लॅपटॉप जिन्यातून जाताना खालच्या वायफायला चिकटला तर, हे शोधायला अर्धा तास गेला. वरच्या राऊटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेटच्या वायरीच्या जागी) वायर होती, म्हणजे वर १९२.१६८.०, खाली १९२.१६८.१, एकाच घरात दोन वेगळी गावं आणि मधे नाका. नाव विचारायची हाक नाक्यापलीकडं जात नाही. वरच्या राऊटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो लावा, झालं काम. नसेल तर आधी त्याला खालच्या गावातला, १९२.१६८.१ नं सुरू होणारा, पण वाटला न जाणारा पत्ता द्या, मग त्याचं डीएचसीपी बंद करा आणि मग वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टात घाला, ह्याच क्रमानं. डीएचसीपी बंद न करता वायर हलवली तर घरात पत्ते वाटणारे दोन जण होतात आणि मग जे काय होतं ते सोमवारच्या दुखण्यापेक्षा वाईट.

आणि पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय जे असतं त्यावरून घरातलं काही दिसणार नाही, ते त्याच्यासाठीच असतं.

एक नवीन प्रकार मात्र मला चांगलाच नडला. दुसऱ्या एका ऑफिसात चार नवे पीसी, असेंबल करणाऱ्यानं एकावर विंडोज अकरा आणि सगळी सॉफ्टवेअर टाकून बाकीच्या तीन डिस्कवर त्याचीच कॉपी मारलेली, आपल्याकडं सर्रास करतात. नावं वेगळी, आयपी वेगळे, वर्षभर छान चाललं. आणि मग एका अपडेटनंतर बरोबर पासवर्ड टाकूनही एकमेकांना आत घेईनात. ४४५ ट्रू, खातं बरोबर, क्रेडेन्शियल साफ केलेले, सगळं करून झालं. कारण असं की २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज अकराच्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या समोरच्या पीसीचा एसआयडी (विंडोजचा आतला ओळख नंबर) आपल्यासारखाच आहे का ते तपासतात आणि तसाच असेल तर दारातूनच परत पाठवतात. कॉपी मारलेल्या पीसींचा एसआयडी एकच असतो. तपासायला हूअॅमआय स्लॅश यूजर ही कमांड दोन्हीकडं मारा, जो लांब आकडा येतो त्याचा शेवटचा तुकडा सोडून बाकी सगळं सारखं असेल तर तुमचे पीसी जुळे आहेत. उपाय म्हणजे विंडोज नीट नव्यानं टाकणं. कॉपी मारायचीच असेल तर आधी सिसप्रेप (विंडोजची जुनी ओळख पुसणारी सोय) चालवून मग मारायची असते, ते त्या मुलाला सांगितलं तर म्हणाला "एवढं कोण करतंय".

मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसणं हा बहुतेक वेळा आजार नाही. पंधरा मिनिटं कुणी काही मागितलं नाही की सर्व्हर जोडणी सोडून देतो, क्लिक केलं की परत जोडतो. फुली बघून घाबरू नका, क्लिक करून बघा. क्लिक करूनही उघडत नसेल तर दिवाणजी जेवायला गेलेत आणि सर्व्हर झोपलाय, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा.

प्रिंटरचं थोडक्यात. शेअर केलेला प्रिंटर जोडताना ०एक्स०००००११बी एरर हा सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासूनचा पाहुणा आहे, छपाईच्या सर्व्हिसमधली भोकं बुजवताना ज्या पीसीला प्रिंटर लावलाय त्यानं सांकेतिक बोलणं सक्तीचं केलं. रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करून तो जातो, सगळे तेच सांगतात, पण त्यानं बुजवलेलं भोक परत उघडतं. लेझर प्रिंटरला लॅन किंवा वायफाय असेल तर त्याला सरळ स्विचला लावा, त्यालाही पत्ता बांधून द्या, आणि प्रत्येक पीसीवर टीसीपी आयपी पोर्टनं स्वतंत्र टाका, मग तो कुठल्या पीसीचा मिंधा राहत नाही. डॉट मॅट्रिक्सला फक्त यूएसबी होती, तिथं दुसरी युक्ती केली. बाकीच्या पीसीवर त्याचा ड्रायव्हर लोकल प्रिंटर म्हणून टाकला, नवीन लोकल पोर्ट बनवला आणि पोर्टच्या नावाच्या जागी \\पेढी१\पट्टी असं लिहिलं. ड्रायव्हर आपल्याच पीसीवरचा वापरला जातो, सर्व्हरकडं तयार कागद जातो, एरर येत नाही. हळदीच्या सौद्याच्या दिवशी दीडशे पट्ट्या त्याच्यावरून निघाल्या, कागद अडकला एकदा पण त्याला नेटवर्क काय करणार.

सर्व्हरच्या डब्यावर आता एक कागद चिकटवलाय, पीसीचं नाव, बांधलेला पत्ता, मॅक, राऊटर कुठल्या तारखेला बदलला. सोमवारचे फोन बंद झाले. डेस्कटॉपवरचे पाचही मेलेले शॉर्टकट पुसायला घेतले तर दिवाणजींनी हात धरला, म्हणाले, "तेवढं ते हाच वापरा राहू द्या, कधी लागलं तर."